आजोळापासून प्रतापगडापर्यंत : यशवंतरावांच्या वाटेने चार दिवस

कराडला येणारी बहुतेक मंडळी थेट प्रीतिसंगमावर, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावर जातात, यशवंतरावांच्या समाधीपुढे हात जोडतात, घाटावर थोडा वेळ बसतात आणि पुन्हा महामार्गाला लागतात. यशवंतराव चव्हाण समजून घ्यायचे तर एवढ्यावर भागत नाही. आधी आजोळ पाहावे, मग कराड, मग १९४२ चे मोर्चे ज्या तालुक्यांच्या गावांत निघाले ती गावे, आणि शेवटी प्रतापगड. या वाटेवर एका भूमिगत कार्यकर्त्याचा मुख्यमंत्री कसा झाला ते कळत जाते. मुख्यमंत्री झाल्यावर त्याच्याच जिल्ह्यातली माणसे काळे झेंडे घेऊन रस्त्यावर का उभी राहिली, तेही कळते.

चार दिवस पुरतात, मात्र चारही पूर्ण हवेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा-कोयनेला पूर असला की प्रीतिसंगमाचा घाट पाण्याखाली जातो आणि आंबेनळी घाटात दरडी येतात, म्हणजे दुसरा आणि चौथा दिवस दोन्ही हातचे जातात. एप्रिल-मेमध्ये माणदेशातून जाणारा तिसरा दिवस उन्हाने नकोसा होतो. १२ मार्च ही जयंती आणि २५ नोव्हेंबर ही पुण्यतिथी. या दोन दिवशी कराडात मंत्र्यांचे ताफे आणि पोलीस बंदोबस्त असतो. ज्यांना अभिवादनाचा सोहळा पाहायचा आहे त्यांनी तेव्हाच यावे, निवांत बघायचे असेल तर ते दिवस टाळावेत.

पहिल्या दोन रात्रींचा मुक्काम कराडात, तिसऱ्या रात्रीचा साताऱ्यात ठेवावा. स्वतःची गाडी असेल तर सोय होते. नसेल तर एसटी आणि वडाप (माणशी भाडे घेणाऱ्या खासगी गाड्या) यांवर भागते, फक्त रोज दीड-दोन तास जास्तीचे धरावेत.

पहिला दिवस : देवराष्ट्रे, सागरेश्वर, कुंडल

रेल्वेने येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. कराड स्टेशन कराड शहरात नाही. ते ओगलेवाडीच्या बाजूला, शहरापासून पाचेक किलोमीटरवर आहे. (ओगले बंधूंचा काचकारखाना आणि प्रभाकर कंदील यांमुळे हे नाव एके काळी महाराष्ट्रात घरोघरी होते.) पहाटेच्या गाडीने उतरलात तर रिक्षाने शहरात जाऊन सामान टाकावे आणि आठच्या आत देवराष्ट्र्याकडे निघावे.

कराड-तासगाव रस्त्याने शेणोली, ताकारी करत जाता येते. ताकारीहून सागरेश्वरचा घाट चढला की पलीकडे देवराष्ट्रे. प्रवास तासाभराचा. दुसरा रस्ता कडेगावकडून येतो, तोही चांगला आहे, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने ताकारीचाच धरावा. कृष्णाकाठची काळी, उसाची जमीन मागे पडते, घाट चढताच उघडे माळ सुरू होतात, आणि यशवंतरावांचे बालपण या दोन मुलखांच्या सीमेवर गेले हे सांगावे लागत नाही. एसटीने जाणाऱ्यांनी परतीच्या गाडीची वेळ कराड स्टँडवरच विचारून घ्यावी. दुपारनंतर थेट गाडी मिळाली नाही तर वडापने ताकारी आणि तिथून पुढे, असे दोन टप्पे करावे लागतात.

जिल्ह्याच्या नावावरून नेहमी घोटाळा होतो. जुन्या पुस्तकांत देवराष्ट्रे सातारा जिल्ह्यात लिहिलेले असते, नकाशात ते सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात दिसते. दोन्ही बरोबर आहे. १२ मार्च १९१३ रोजी यशवंतराव जन्मले तेव्हा सातारा जिल्हा अखंड होता. १९४९ मध्ये त्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. यशवंतरावांचे राजकारण अखंड साताऱ्याच्या मापाने घडले. आजच्या जिल्हा-सीमा डोक्यात ठेवून ते समजत नाही.

देवराष्ट्रे हे आजोळ. चव्हाण मूळचे विट्याकडचे, वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ. जन्मघर गावात आहे आणि शासनाने ते संरक्षित स्मारक म्हणून जपले आहे. घर लहान आहे. दहा मिनिटांत बघून होते, म्हणून पुष्कळ जण हिरमुसून परततात. दार बंद असेल तर शेजारी विचारावे, गावात कुणीही सांगते. घर पाहताना एक हिशेब मनात ठेवावा. वडील प्लेगने गेले तेव्हा यशवंतराव चार-पाच वर्षांचे होते. आई विठाबाईंच्या पदरात मुले, उत्पन्न नाही, आणि आधार या भिंतींचा. अक्षरओळख नसलेल्या या बाईने मुलांची शाळा सुटू दिली नाही. पुढे १९५९ मध्ये मुख्यमंत्री म्हणून यशवंतरावांनी ठरावीक उत्पन्नाखालच्या पालकांच्या मुलांना फी माफ केली. ‘ईबीसी सवलत’ या नावाने ती दोन पिढ्यांच्या तोंडी राहिली. तो निर्णय मंत्रालयाच्या फायलीत झाला, तरी त्याची गरज कळायला हे घर बघावे लागते.

गावापासून जवळच सागरेश्वरचा मंदिरसमूह आहे. जन्माच्या वेळी विठाबाई फार अडल्या होत्या. आजीने सागरोबाला साकडे घातले, यश दे, नातवाचे नाव तुझ्या आठवणीने ठेवीन. त्यावरून यशवंत हे नाव आले. मंदिरात सकाळी दहाच्या आत जावे. दगडी देवळांत गारवा असतो आणि गर्दी नसते.

मंदिराच्या अंगाला सागरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या अगदी लहान अभयारण्यांपैकी एक. हे जंगल माणसांनी लावलेले आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने झाडे लावली गेली, हरणे सोडली गेली आणि १९८५ मध्ये अभयारण्य झाले. सांबर, चितळ, काळवीट दिसतात ते पहाटे किंवा उन्हे कलल्यावर. भर दुपारी चढाल तर घामाखेरीज काही हाती लागत नाही. आत पिण्याच्या पाण्याची खात्री नाही. माणशी दोन लिटर पाणी बरोबर असावे.

दुपारी कुंडल. हे घाटाच्या खालच्या अंगाला, किर्लोस्करवाडीच्या शेजारी. कुंडलला यायचे ते एक गैरसमज काढून टाकायला. यशवंतराव प्रतिसरकारचे, म्हणजे ब्रिटिश राज्याला समांतर चाललेल्या लोकांच्या सरकारचे नेते होते असे सर्रास लिहिले-बोलले जाते. वस्तुस्थिती अशी की ऑगस्ट १९४२ पासून सातारा जिल्ह्यातली भूमिगत चळवळ उभी करण्यात ते आघाडीवर होते, पण मे १९४३ मध्ये ते पकडले गेले. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर या मंडळींनी प्रतिसरकार म्हणून जे बांधले, म्हणजे गावोगावची न्यायदान मंडळे, तुफान सेना हे स्वयंसेवक दल, दारूबंदी, सावकारांना चाप, ते त्यानंतरचे. ते १९४६ पर्यंत चालले. जी. डी. बापू कुंडलचेच. सकाळी येताना जे शेणोली लागले, तिथे ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने पगाराचा पैसा नेणारी रेल्वेगाडी लुटली. त्या दिवशी यशवंतराव तुरुंगात होते. ही तारीख पाठ असली की श्रेय कुणाचे किती याचे भांडण आपोआप मिटते. पायाभरणीत त्यांचा मोठा वाटा आहे, इमारत दुसऱ्यांनी उभी केली. आणि ज्यांनी ती उभी केली त्यांतले कितीतरी जण स्वातंत्र्यानंतर शेतकरी कामगार पक्षात किंवा डाव्या पक्षांत जाऊन याच यशवंतरावांच्या विरोधात लढले. दक्षिण महाराष्ट्राचे पुढचे पंचवीस वर्षांचे राजकारण या फाट्यावरून सुरू होते.

संध्याकाळी कराडला परत. जेवायला अख्खा मसूर आणि भाकरी मागावी. या भागातला मसूर डाळ करून नाही, अख्खा शिजवतात आणि रस्सा दाट ठेवतात.

दुसरा दिवस : कराड

आज गाडी काढायची गरज नाही. जुने कराड चालत बघण्याजोगे आहे, लांबच्या ठिकाणी रिक्षा करावी.

सुरुवात टिळक हायस्कूलपासून. शाळा भरलेली असेल तर आधी कार्यालयात जाऊन परवानगी घ्यावी, सरळ वर्गांकडे जाऊ नये. याच शाळेतला तो प्रसंग महाराष्ट्राला ठाऊक आहे. मोठेपणी कोण होणार हे लिहायला सांगितले, मुलांनी टिळक, गांधी अशी नावे लिहिली आणि यशवंतरावांनी ‘मी यशवंतराव चव्हाण होणार’ असे लिहिले. तो प्रसंग भाषणांतून इतका घासला गेला आहे की शाळेतल्या त्याहून महत्त्वाच्या गोष्टी मागे पडतात. १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणाने जतींद्रनाथ दास गेले. त्या बातमीने हा कराडचा पोरगा हलला आणि राजकारणाकडे वळला तो कायमचा. २६ जानेवारी १९३२ ला त्याने कराडात झेंडा लावला आणि १८ महिने सक्तमजुरीची शिक्षा ओढवून घेतली. वय १८ वर्षे, मॅट्रिक अजून व्हायची होती.

शिक्षा येरवडा आणि विसापूरच्या तुरुंगांत गेली. तिथे वाचन झाले, वेगवेगळ्या विचारांची माणसे भेटली. बाहेर आल्यावर १९३४ मध्ये मॅट्रिक, १९३८ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी. ए., १९४१ मध्ये पुण्याहून एलएल. बी. मध्ये काही काळ ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले, पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना साथ देण्याची रॉय यांची भूमिका त्यांना पटली नाही आणि ते काँग्रेसमध्येच राहिले. १९३७ च्या निवडणुकीत आत्माराम पाटलांसारख्या शेतकरी कार्यकर्त्याच्या प्रचारासाठी त्यांनी जिल्हा पालथा घातला होता. कुठल्या गावात कोण माणूस उभा राहील, याची यादी तेव्हापासून त्यांच्या डोक्यात होती. पुढच्या सगळ्या गोष्टींना या यादीचा उपयोग झाला.

शाळेतून पेठांच्या गल्ल्यांनी नदीकडे निघावे. वाटेत पंताचा कोट आणि नकट्या रावळाची विहीर लागते. विहिरीचा यशवंतरावांशी काही संबंध नाही, पण इतक्या जवळून जाऊन ती न बघणे चूक आहे. पायऱ्यांवर शेवाळ असते, पावसाळ्यानंतर लगेच आलात तर कडेने उतरावे.

मग कृष्णाबाईचा घाट आणि प्रीतिसंगम. इथली भूगोलाची गंमत समजून घेतली तर दृश्य दुप्पट कळते. सहसा दोन नद्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तिरक्या मिळतात. इथे कृष्णा आणि कोयना एकमेकींच्या थेट समोरून येतात, भिडतात आणि काटकोनात वळून पूर्वेकडे एकच कृष्णा होऊन निघतात. दोघींचा उगम एकाच महाबळेश्वरी. हे नीट दिसते ते सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, ऑक्टोबर ते जानेवारीत, जेव्हा दोन्ही पात्रांत पाणी असते आणि गढूळपणा उतरलेला असतो. मार्चनंतर पात्रात वाळू आणि खडक उघडे पडतात आणि समोरासमोरची ती भेट नजरेला कळत नाही. पाण्यात उतरू नये. वरून संथ दिसले तरी दोन प्रवाह भिडतात तिथे भोवरे असतात.

समाधी इथेच आहे. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत निधन झाले आणि अंत्यसंस्कार कराडात झाले. दिल्लीत त्यांनी संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती सांभाळली, उपपंतप्रधानपद पाहिले, तरी या काठावरच ते परतले. आत्मचरित्र लिहायला घेतले तेव्हाही त्यांनी नद्या-समुद्राच्या काठांप्रमाणे आयुष्याचे भाग पाडले होते. पहिला, कृष्णाकाठचा भाग १९४६ पर्यंत येतो. पुढचे मुंबईचे आणि दिल्लीचे खंड व्हायचे राहिले. त्यामुळे मुख्यमंत्री यशवंतरावांची हकिगत त्यांच्याच लेखणीतून सलग मिळत नाही. ती कायद्यांतून, भाषणांतून आणि अशा ठिकाणांतून गोळा करावी लागते.

दुपारी ‘विरंगुळा’ हे त्यांचे कराडचे घर बाहेरून बघून वेणूताई चव्हाण स्मारकात जावे. या स्मारकाला निदान दोन तास द्यावेत. यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह आणि वापरातल्या वस्तू इथे आहेत. सुटीच्या दिवसाची चौकशी आदल्या दिवशीच करून ठेवावी, कारण दार बंद मिळाले तर या सहलीतला सर्वांत महत्त्वाचा थांबा हुकतो. पुस्तकांच्या कपाटांपुढे घाई करू नये. इतिहास, अर्थकारण, चरित्रे, मराठी कथा-कविता असा पसारा आहे. मुख्यमंत्री असताना साहित्य संस्कृती मंडळ, भाषा संचालनालय, विश्वकोश यांसाठी त्यांनी पैसा आणि माणसे का दिली, याचा उलगडा त्या कपाटांत होतो.

स्मारक वेणूताईंच्या नावाने आहे हे योग्यच आहे. २ जून १९४२ ला लग्न झाले आणि दोन महिन्यांत नवरा भूमिगत झाला. लग्नानंतरची पहिली संक्रांत फलटणच्या या मुलीने कराडच्या तुरुंगात काढली. नवरा सापडत नाही म्हणून पोलिसांनी बायकोला धरले होते. तब्येत तेव्हा जी खालावली ती पुढेही साथ देईना. १ जून १९८३ ला त्या गेल्या, आणि त्यानंतर यशवंतराव दीड वर्षही राहिले नाहीत. चळवळीच्या खर्चाच्या वहीत ही रक्कम कुणी लिहीत नाही.

तिसरा दिवस : वडूज, फलटण, सातारा

आजचा दिवस लांबचा. कराडहून पुसेसावळीमार्गे वडूज, तिथून दहिवडी, फलटण आणि संध्याकाळी सातारा. सगळे मिळून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. सातला निघावे, टाकी कराडातच भरावी. एसटीने हा दिवस करायचा तर फलटण गाळून वडूजहून सरळ साताऱ्याला जावे, नाहीतर रात्र रस्त्यात होते.

१९४२ चे साताऱ्याचे तंत्र आधी समजून घेऊ. ८ ऑगस्टच्या मुंबईच्या ‘छोडो भारत’ ठरावानंतर यशवंतराव जिल्ह्यात परतले आणि भूमिगत झाले. ठरले ते असे की तालुक्याच्या कचेरीवर हजारोंनी नि:शस्त्र मोर्चा न्यायचा, कचेरीवर तिरंगा लावायचा आणि मामलेदाराला सांगायचे की आता राज्य लोकांचे. २४ ऑगस्टला कराड, ३ सप्टेंबरला तासगाव. तासगावात तर मामलेदाराला गांधीटोपी घालावी लागली. तालुका हे एकक निवडण्यामागे विचार होता. शेतकऱ्याला सरकार भेटते ते तालुक्याच्या कचेरीत. सारा तिथे, सातबारा तिथे, फौजदार तिथे. दिल्लीतले सरकार त्याने पाहिलेलेच नसते.

तासगावच्या यशाने सरकार सावध झाले, आणि ९ सप्टेंबरला वडूजला गोळी चालली. वडगावच्या (जयराम स्वामींचे वडगाव) परशुराम घार्गे यांच्या हातात झेंडा होता. ते पडले, आणि त्यांच्यासह एकूण नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला. तिथे विष्णू बारपटे आणि किर्लोस्करवाडीचे तरुण अभियंते उमाशंकर पंड्या हे गेले. वडूजचे हुतात्मा स्मारक गावातच आहे. नावे एकेक करून वाचावीत. आडनावे आणि गावे पाहिली की कळते की ही माणसे शेजारच्या खेड्यांतून, शेतातली कामे टाकून, पायी आली होती. या दोन दिवसांनंतर उघडे मोर्चे थांबले आणि चळवळ पूर्ण भूमिगत झाली. नि:शस्त्र माणसे गोळीपुढे पुन्हा न्यायची नाहीत, असा त्याचा अर्थ होता. परवा कुंडलला जे पाहिले त्याचे मूळ आज वडूजला आहे. क्रम उलटा पडतो तो रस्त्याच्या सोयीसाठी.

दहिवडी ओलांडून फलटणकडे जाताना उजाड माळ आणि मेंढरांचे कळप सोबतीला असतात. चहापाणी दहिवडीतच उरकावे.

फलटण यशवंतरावांच्या आयुष्यात दोनदा येते, आणि दोन्ही वेळा अवघड प्रसंगात. पहिला मे १९४३ चा. वेणूताई माहेरी आजारी होत्या. भेटायला जाणे धोक्याचे आहे हे ठाऊक असूनही ते गेले आणि पकडले गेले. दुसरा १९५५ च्या अखेरचा. राज्य पुनर्रचनेवरून महाराष्ट्र पेटला होता आणि मुंबईत गोळीबार झाला होता. अशा वेळी त्यांनी फलटणला जाहीर केले की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूने राहू. मराठी मुलखाने ते वाक्य त्यांना बरीच वर्षे माफ केले नाही. यशवंतरावांवर प्रेम करणारी मंडळी हा प्रसंग घाईने ओलांडतात, पण तो ओलांडता कामा नये. त्या आंदोलनात १०६ माणसे गेली. त्यांच्या घरच्यांना ते वाक्य कसे लागले असेल याचा विचार करूनच पुढच्या पाच वर्षांकडे बघावे.

त्या वर्षांची घडण अशी. १९४६ मध्ये दक्षिण साताऱ्यातून निवडून येऊन ते गृहखात्याचे संसदीय सचिव झाले. १९५२ नंतर पुरवठामंत्री झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्यासह विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य जन्मले आणि ४३ व्या वर्षी ते त्याचे मुख्यमंत्री झाले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला लोळवले. कराडात खुद्द मुख्यमंत्री निसटत्या मतांनी वाचले. म्हणजे ज्या माणसांसाठी ते भूमिगत झाले होते, त्यातली जवळजवळ अर्धी त्यांच्या विरोधात गेली होती. यापुढे त्यांनी जे केले त्याला मोल आहे. त्यांनी विरोधकांवर सूड धरला नाही, विधानसभेत त्यांचे ऐकले, आणि द्वैभाषिक चालत नाही हे दिल्लीच्या गळी उतरवण्याचे काम आतून केले. समितीने रस्त्यावर रेटा लावला नसता तर त्यांचे आतले काम फळले नसते. १ मे १९६० हा दोघांचा आहे.

फलटणहून साताऱ्याला अंधाराच्या आत पोहोचावे. उसाच्या हंगामात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात, मागे दिवे नसतात, आणि या भागातले बरेच अपघात त्यामुळेच होतात.

चौथा दिवस : सातारा, वाई, प्रतापगड

सकाळी साताऱ्यात दोन गोष्टी बाहेरूनच पाहायच्या आहेत. सैनिक स्कूल २३ जून १९६१ ला सुरू झाले, देशातले पहिले. आत जायला परवानगी लागते, सहलीत ती मिळत नाही, फाटकावरून पुढे जावे.

दुसरी जिल्हा परिषद. तिथे कुणी पर्यटक थांबत नाही, पण यशवंतरावांचे खरे स्मारक कोणते असे कुणी विचारले तर या साध्या सरकारी इमारतीकडे बोट दाखवावे लागेल. देशात पंचायत राज्याचा विचार बलवंतराय मेहता समितीने मांडला, त्यात भर तालुका पातळीवर होता. महाराष्ट्राने वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली स्वतःची समिती नेमली आणि वेगळी वाट धरली. बळ जिल्ह्याला द्यायचे, कलेक्टरला परिषदेबाहेर ठेवायचे, तिच्यासाठी स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी द्यायचा आणि आमदार-खासदारांना तिचे सभासद करायचे नाही. १९६१ चा कायदा १ मे १९६२ पासून लागू झाला. आमदारांना बाहेर ठेवण्याचे कलम नीट बघावे. मुंबईत जाऊन पोहोचलेल्यांनी गावातल्या नव्या माणसाची जागा अडवू नये, हा त्याचा हेतू. पुढची तीस-चाळीस वर्षे महाराष्ट्राचे मंत्री आणि मुख्यमंत्री जिल्हा परिषदांतून आणि साखर कारखान्यांतून तयार झाले. त्यात मोजक्या घराण्यांची पकडही तयार झाली, हे आज दिसतेच. पण १९६२ मध्ये बांधावरच्या माणसाला अध्यक्षाच्या खुर्चीत बसवणे ही मोठी उडी होती. ज्याने वीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या कचेरीवर मोर्चे नेले, त्याने ती कचेरीच लोकांच्या हाती देण्याचा कायदा केला, असे वडूज बघून आलेल्याला इथे वाटल्याशिवाय राहत नाही.

कंदी पेढे घ्यायचे ते आत्ताच घ्यावेत, परतीला सातारा लागेलच असे नाही.

वाई तासाभरावर. ढोल्या गणपतीचा घाट सगळे बघतात. त्याबरोबर मराठी विश्वकोशाचे कार्यालयही बघावे. १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, अध्यक्ष वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, आणि विश्वकोशाचे काम त्यांच्याच देखरेखीखाली इथे सुरू झाले. राज्याच्या राजधानीपासून दूर, कृष्णेच्या काठावरच्या एका गावात एवढे काम बसवण्यात मोठा विश्वास होता.

वाईतून पसरणीचा घाट चढून पाचगणी, पुढे महाबळेश्वर. शनिवार-रविवारी पाचगणी ते महाबळेश्वर या एकोणीस किलोमीटरला दीड तासही लागतो, म्हणून हा दिवस मधल्या वारी यावा. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगा मंदिरात कृष्णा-कोयनेचे उगम मानतात. दोन दिवसांपूर्वी त्यांची भेट पाहिली असेल तर इथे अर्धा तास थांबावेच.

महाबळेश्वरहून प्रतापगड २४ किलोमीटर, आंबेनळी घाटाने. वळणे अरुंद आहेत, धुके अचानक उतरते. गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवावी, वळणावर हॉर्न द्यावा आणि उतारावर सतत ब्रेक दाबू नये, ते तापून निकामी होतात. गडाखाली गाडी लावून पायऱ्या चढायला अर्धा तास लागतो. दुपारी तीनला वर असलात तर उतरतानाही उजेड राहतो.

बालेकिल्ल्यावर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. त्याचे अनावरण ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, मुख्यमंत्री यशवंतराव होते. संयुक्त महाराष्ट्र समितीने विरोध जाहीर केला होता. महाराजांविषयी नेहरूंनी पूर्वी लिहिलेल्या मजकुराचा राग होताच, आणि मुंबईसह महाराष्ट्र नाकारणाऱ्यांनी महाराजांच्या पुतळ्याला हात लावू नये ही भावना होती. आपण सकाळी जो पसरणीचा घाट चढलो, तिथे हजारो माणसे काळे झेंडे घेऊन उभी राहिली. मोठा अनर्थ न होता तो दिवस पार पडला. त्याचे श्रेय निदर्शकांच्या शिस्तीला आहे, तसे पोलिसांचा हात आवरणाऱ्या मुख्यमंत्र्यालाही आहे. पंधरा वर्षांपूर्वी वडूजला कचेरीच्या आत बसलेल्या सरकारने नेमके उलटे केले होते. रस्ताभर उभ्या असलेल्या त्या माणसांमुळे मराठी भावना किती खोल आहे हे नेहरूंना डोळ्यांनी दिसले, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. अडीच वर्षांनी राज्य आले. आणखी अडीच वर्षांनी, चीनच्या आक्रमणानंतर, नोव्हेंबर १९६२ मध्ये नेहरूंनीच त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावले आणि त्यांचा राज्याच्या राजकारणातला अध्याय संपला.

पुतळ्यापासून पश्चिमेला कोकण दिसते, पूर्वेला जावळीचे रान. उतरल्यावर मुंबईकरांनी पोलादपूरचा उतार धरावा, पुण्या-साताऱ्याकडच्यांनी महाबळेश्वरमार्गे परतावे. दोन्ही घाट आहेत आणि धुके संध्याकाळी लवकर उतरते, तेव्हा साडेपाचला गाडी सुरू झालेली असावी.